कुर्ल्याची गाडी, सोलापूरचा माणूस

सोलापूर जिल्ह्यात वालचंद हे नाव आधी कॉलेजाचं असतं, मग माणसाचं. मुलाला बारावीत बरे मार्क पडले की वालचंदला नंबर लागेल का, याची चर्चा घरोघर सुरू होते. सोलापूरच्या की सांगलीच्या, एवढाच काय तो वाद. फार तर कुणाला वालचंदनगर आठवतं, तिथला साखर कारखाना आठवतो. रावळगावच्या गोळ्या चघळत लहानाची मोठी झालेली आमची पिढी, पण त्या गोळ्यांमागे हाच माणूस होता हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? आणि ज्या वस्तूसाठी या माणसाने उतारवयात जिवाचं रान केलं, ती तर आपण त्याच्या नावाने कधी ओळखलीच नाही. तिला आपण फियाट म्हणत आलो.

अशी एक फियाट माझ्याकडे आहे. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, १९७८ सालची. पण वैरागच्या बाजारपेठेतून ती निघाली की चहाच्या टपरीवरचा पोरगा असो की आडत दुकानातला म्हातारा, दोघांच्याही तोंडी फियाटच. चितोडच्या राणीचं नाव मुंबईतल्या कंपनीने हौसेने ठेवलं खरं, लोकांनी ते स्वीकारलं नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं पुण्यात फ्लॅट घेतात, चारधाम करून येतात. मी जुनी गाडी घेतली. बार्शीतल्या एका दिवंगत डॉक्टरांच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये ती अकरा वर्षं उभी होती. टपावर कबुतरांचा संसार, मागच्या सीटवर कडब्याच्या दोन पेंढ्या. आमच्या सौ.नी ती प्रथम पाहिली तेव्हा काही न बोलता पदर नाकाला लावला. मी मात्र आधी कागद मागितले. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची तारणं तपासण्यात गेल्यावर ही खोड जात नाही. इंजिन नंबर, चॅसिस नंबर जुळले. पण आरसी बुकावर एका बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच होता. कर्ज फिटून चार दशकं झालेली, डॉक्टरांनी बोजा उतरवून घेतलेला नव्हता, आणि ती बँकही मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. पस्तीस नंबरच्या फॉर्मवर सही-शिक्का मिळवायला मला पाच महिने लागले. त्याआधी गाडी वारसांच्या नावावर, मग माझ्या नावावर. जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, की रंग, सीट, काचा नंतर पाहा; आधी कागद पाहा, आणि मग खाली वाकून तळाचा पत्रा पाहा. इंजिन पुन्हा बांधता येतं, कुजलेला तळ भल्याभल्यांना रडवतो.

गाडी तशी साधी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन, चाळीसेक अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डावीकडे, पुढेही सलग बाक. आजच्या पोरांना हसू येईल असे आकडे. पण तिचं कुळ मोठं आहे. इटलीत याच ११००च्या घराण्यातली ‘तुरिस्मो वेलोचे’ नावाची वेगवान बहीण ‘मिले मिलिया’ या हजार मैलांच्या शर्यतीत धावत असे. आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर सीटा काढून टाकलेल्या, सायलेन्सर मोकळे केलेल्या फियाटी गर्जत फिरायच्या. कुटुंबाची म्हणून घेतलेली गाडी जराशी चढवली की शर्यतीची व्हायची. सकाळी सहाला वैराग-बार्शी रस्ता मोकळा असताना तिसऱ्या गिअरमध्ये ती जो सूर लावते तो ऐकला की ते कुळ खरं वाटतं.

ती ज्याच्या जिद्दीतून कुर्ल्याला जन्मली, त्या माणसाकडे आता वळतो.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२चा, सोलापूरचा. घर गुजराती बोलणाऱ्या दिगंबर जैनांचं, मूळ सौराष्ट्रातलं, पण सोलापुरात मुरलेलं. वडील हिराचंद नेमचंद दोशी सावकारी आणि व्यापार सांभाळून समाजाच्या सुधारणेत लक्ष घालणारे. आई अगदी तान्हेपणीच गेली. १८९९ साली मॅट्रिक झाल्यावर मुलगा आधी मुंबईच्या सेंट झेवियर्सला, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. पदवी न घेताच परतला. पेढीवर बसायचं, वह्या लिहायच्या, व्याज मोजायचं, एवढं आयुष्य समोर वाढून ठेवलेलं होतं. सोलापूरच्या कितीतरी मुलांनी ते आनंदाने पत्करलं असतं. वालचंदांचं मन काही त्यात रमलं नाही.

इथे आमचा बार्शी तालुका या गोष्टीत येतो. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू केली, बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी ते बार्शी. वैरागला रूळ कधी आले नाहीत. आमचे आजोबा बैलगाडीने बार्शी गाठत आणि तिथून आषाढीला त्या चिमुकल्या गाडीने पंढरपूरला जात. गाडी इतकी हळू, की उतरून विडी पेटवून पुन्हा चढता येई असं घरात सांगितलं जाई. ही लाइन पुढे वाढवायची ठरली, १९०६ साली ती पंढरपूरला, पुढच्या वर्षी तडवळ्याला पोचली. याच बार्शी लाइटच्या विस्ताराच्या कामात विशी ओलांडलेल्या वालचंदांनी पहिलं कंत्राट घेतलं. जोडीला लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेतले माजी कारकून. फाटकांना रेल्वेच्या कामाची नस ठाऊक, वालचंदांच्या मागे घरचं भांडवल. एक ब्राह्मण कारकून आणि एक जैन सावकाराचा मुलगा रणरणत्या उन्हात मातीच्या भरावावर उभे राहून गाड्या मोजताहेत, हे चित्र तेव्हाच्या सोलापूरला चमत्कारिकच वाटलं असणार. पेढीवरच्या माणसाने उन्हात जायचं नसतं.

त्या भरावावरून सुरू झालेली वाट पुढे बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत गेली. मुंबईहून पुण्याला रेल्वेने येताना खंडाळ्याच्या बोगद्यांत डब्यात अंधार होतो, आणि लहान मुलं ओरडतात. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तिथे झालेल्या मोठ्या कामात वालचंदांचा हात होता. १९२६ साली त्यांनी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. हा धंदा चालला, पैसा दिला आणि त्यांचा पुढचा प्रत्येक वेडेपणा या पैशावर उभा राहिला.

वेडेपणा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. कर्जाचे प्रस्ताव वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. अर्जदाराला या व्यवसायाचा अनुभव किती, स्वतःचं भांडवल किती, मालाला गिऱ्हाईक कोण, सरकारी परवाना हातात आहे का, असे ठरलेले प्रश्न असतात. वालचंदांचे मोठे उद्योग या कागदावर मांडून पाहिले तर जहाज, विमान, मोटार या तिन्हींत अनुभवाच्या रकान्यात शून्य पडतं. गिऱ्हाईक म्हणावं तर सरकार, आणि सरकार तर विरोधात. असा प्रस्ताव कुठल्याही शाखेतून रीजनल ऑफिसला गेला असता तर तिथल्या साहेबांनी शाखाधिकाऱ्याचीच चौकशी लावली असती.

जहाजाची कथा याचा नमुना आहे. पहिलं महायुद्ध संपलेलं. दिल्लीहून मुंबईला येताना आगगाडीत वालचंदांच्या कानावर आलं, की ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची ‘लॉयल्टी’ ही बोट विकायची आहे. मूळची कॅनडाच्या कंपनीची, १८९०-९१ची प्रवासी बोट. महाराजांनी युद्धात जखमींसाठी इस्पितळ म्हणून ती वापरायला दिली होती. म्हणजे वयाने जुनी, खर्चाला भारी. नरोत्तम मोरारजींसारख्या मातब्बरांना बरोबर घेऊन ती विकत घेतली गेली, मार्च १९१९मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली, आणि ५ एप्रिल १९१९ला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. स्वतः वालचंद बोटीवर होते. व्यवहार म्हणून बोट आतबट्ट्याचीच ठरली, चार वर्षांत ती भंगारात गेली. इंग्रज कंपन्यांनी दर पाडून सिंदियाला जेरीस आणलं, १९२३च्या करारात दहा वर्षं किनाऱ्याबाहेर पडायचं नाही आणि ठरल्याहून जास्त टनांची जहाजं ठेवायची नाहीत, अशी बंधनं गळ्यात घातली. तरी कंपनी तगली. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून साजरा होतो तो त्या जुन्या, भंगारात गेलेल्या बोटीमुळे. जुनी गाडी घेतल्याबद्दल कुणी मला हसलं की मला ही ‘लॉयल्टी’ आठवते, आणि बरं वाटतं.

साखर, गोळ्या-चॉकलेटं, इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावरचं वालचंदनगर, हे सगळं मी इथे भराभर ओलांडतो. त्यावर वेगळं लिहिता येईल. मला जायचं आहे मोटारीकडे.

मोटारी आपल्याकडे आधीपासून जोडल्या जात होत्याच. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत कारखाना काढला होता. पण सुटे भाग परदेशातून पेट्यांत यायचे, इथे ते एकमेकांना बसवायचे, की झाली मोटार. गाडीच इथे बनवायची हा ध्यास विश्वेश्वरय्यांचा. १९३५ साली त्यासाठी ते युरोप-अमेरिकेत फिरून आले. त्यांनी योजना मांडली, वालचंदांनी ती अंगावर घेतली. मुंबईच्या खेर मंत्रिमंडळाने पाठबळ द्यायची तयारीही दाखवली. पण १९३९ साली युद्ध सुरू झालं आणि काँग्रेसची मंत्रिमंडळं राजीनामे देऊन बाहेर पडली. वालचंद तेव्हा सत्तावन्न वर्षांचे. याच वयात आपण पीएफचा हिशेब काढायला लागतो. ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. आणि परतीच्या विमानात शेजारी भेटला विल्यम पॉली, चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवणारा अमेरिकन. मोटारीच्या शोधात गेलेला हा गृहस्थ विमानाची कल्पना घेऊन उतरला!

पुढचा विरोधाभास पाहण्यासारखा आहे. मोटारीचा कारखाना युद्धाच्या कामाचा नाही म्हणून दिल्लीच्या इंग्रज सरकारने त्याला हात दिला नाही. विमानांची मात्र गरज होती. म्हैसूर संस्थानाने साथ दिली आणि डिसेंबर १९४०मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली, पुढच्या वर्षी तिथे जुळवलेलं विमान उडालंही. सरकार भागीदार झालं, आणि एप्रिल १९४२मध्ये वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन त्यांना बाजूला केलं गेलं. आजच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं मूळ ते. विशाखापट्टणमच्या गोदीचंही असंच. २१ जून १९४१ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी, १४ मार्च १९४८ला नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ पाण्यात, आणि १९५२ साली गोदीची सूत्रं सरकारकडे. पहिल्या वेळी सरकार परकं होतं, दुसऱ्या वेळी आपलं.

इथे थोडं थांबायला हवं. वालचंदांच्या टीकाकारांचं म्हणणं असे, की देशप्रेम आणि धंदा यांची त्यांनी सोयीस्कर गाठ घातली होती. हे म्हणणं अगदीच खोटं नाही. स्वदेशी जहाजाला स्वदेशी माल मिळावा, स्वदेशी मोटारीला परदेशीपासून संरक्षण मिळावं, ही मागणी करताना मालक तेच होते. पण नुसता नफा हवा असता तर कंत्राटं पुरेशी होती, साखर पुरेशी होती. ज्या तीन धंद्यांत सरकार आडवं येणार हे दिसत होतं त्याच तिन्हींत हा माणूस शिरला, आणि तिन्हींत त्याने सुरुवात केली तेव्हा दुसरं कुणी रांगेत नव्हतं. याला नफेखोरी म्हणायचं तर शब्दाचा अर्थ बदलावा लागेल.

मोटारीचं मात्र त्यांनी सोडलं नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. एव्हाना बिर्लांची हिंदुस्तान मोटर्सही निघाली होती, म्हणजे रांगेत दुसरा माणूस आला होता. १९४७ साली, देश स्वतंत्र होण्याच्या वर्षी, कुर्ल्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. मोठ्या, अमेरिकन, पेट्रोल पिणाऱ्या गाड्या. भारतातल्या मध्यमवर्गाची गाडी कोणती, याचं उत्तर या गाड्यांत नव्हतं. ते शोधता शोधता कंपनी इटलीकडे वळली, फियाटशी करार झाला, छोट्या फियाट ५०० जोडल्या जाऊ लागल्या.

पण तोवर वालचंदच थांबले होते. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी ते कामातून बाहेर पडले. चार दिशांना धावणारा माणूस खुर्चीला खिळला, पत्नी कस्तुरबाई सेवेला. भावांनी आणि सहकाऱ्यांनी कारभार पाहिला. ८ एप्रिल १९५३ला गुजरातमध्ये सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

आता तारखा पाहा. फियाट ११००ची नवी, गोलसर, पुढे आपण जिला ओळखणार होतो ती गाडी जीनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली गेली मार्च १९५३मध्ये. म्हणजे वालचंदांच्या मृत्यूच्या आदल्या महिन्यात. त्याच वर्षी सरकारने ठरवलं, की नुसती जोडणी करणाऱ्यांना यापुढे इथे थारा नाही. गाडी बनवायची असेल तर इथे बनवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी पुढच्या वर्षभरात इथला गाशा गुंडाळला. वालचंद ज्या धोरणासाठी वीस वर्षं भांडले ते अमलात आलं, आणि १९५४ साली कुर्ल्यातून ११०० बाहेर पडली. मुंबईकरांनी तिच्या पाठीच्या गोलाईवरून तिला डुक्कर फियाट म्हटलं, आणि तिच्यावर जीव लावला. तिचा निर्माता तिला बघू शकला नाही.

मग १९६४ची डिलाइट आली. १९७२ साली फियाटचं नाव लावायची मुदत संपली म्हणून तीच गाडी प्रेसिडेंट झाली, १९७४ साली पद्मिनी. नाव फक्त बदललं. सव्वीस वर्षं उलटली तरी पत्रा तोच, इंजिन तेच, दार लावताना लागणारा जोरही तोच. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणारं गिऱ्हाईक दारात उभं असेल तर कोण कशाला काही बदलेल? वालचंदांनी मागितलेलं संरक्षण उगवत्या रोपाला कुंपण घालावं तसं होतं. नंतरच्यांनी झाडाखाली खाट टाकली. मारुती आली, मग जागतिकीकरण आलं, आणि २०००च्या आसपास पद्मिनी बंद झाली. मी माझ्या गाडीवर कितीही प्रेम करत असलो तरी तिच्या शेवटाबद्दल मला फारसा राग येत नाही. राग येतो तो मधल्या तीस वर्षांचा.

मालकी म्हणाल तर ती आता निगुतीची आहे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिसावर गेला की पेट्रोल पंपातच वाफ धरते आणि गाडी भर रस्त्यात बसते. ओलं फडकं पंपावर ठेवायचं, पाण्याची बाटली जवळ बाळगायची आणि झाडाखाली दहा मिनिटं स्वस्थ बसायचं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, म्हणून नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या जातीचा बसवला. सोलापूरचे आमचे मिस्त्री, ज्यांना सारे चाचा म्हणतात, कार्ब्युरेटर उघडला की आधी कानाशी नेतात, मग डोळ्यांशी. दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण. त्याची फी २०२२ साली सहाशेवरून पाच हजार झाली, वर पर्यावरण कर. २०२८ साली गाडीला पन्नास पूर्ण होतील, मग तिला व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल. वेगळी नंबरप्लेट, व्हीए अक्षरांची. पण तशी नोंदवली तर रोजच्या वापराला बंदी, फक्त प्रदर्शनं आणि मेळावे. म्हणजे बार्शीला भगवंताच्या दर्शनाला तिच्यातून जाता येणार नाही. मी ती नोंद करणार नाही. सौ.चंही तेच मत आहे, आणि नाकाला पदर लावणाऱ्या सौ.आता पुढच्या बाकावरची खिडकीची जागा कुणाला देत नाहीत.

मुंबईत मात्र या गाड्या रस्त्यावरून गेल्या. टॅक्सीला तिथे वीस वर्षांची मर्यादा. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती २९ ऑक्टोबर २००३ला. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या टॅक्सींत एकही पद्मिनी उरली नाही. वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख लिहिले, लोकांनी फोटो काढून घेतले. त्या लेखांत फियाट होती, इटली होती, हिंदी सिनेमा होता. सोलापूरचं नाव मी शोधत होतो.

मागच्या पावसाळ्यात दाराचं रबर आणि एक लोंबतं हँडल यासाठी मी कुर्ल्याला गेलो होतो. सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे भाग मिळतात. जिथे गाडी जन्मली त्याच उपनगरात तिचे अवयव किलोवर मिळावेत, हे आहेच. हँडल मिळालं. वेळ होता म्हणून कारखान्याची जागा पाहायला निघालो. तिथे आता उंच इमारती आहेत, खाली दुकानं, बाग, शाळेच्या बसमधून उतरणारी मुलं. कारखान्याची खूण म्हणून काही दिसेना. परत यायला रिक्षा केली, आणि रिक्षावाल्याने कुठून घेऊ म्हणून विचारताना ज्या रस्त्याचं नाव घेतलं, तो प्रीमियर रोड.